अहल्या सिस्टरच्या वर्गात नापास

मी बी.ए. आहे, हे मी अहल्या सिस्टरना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. त्यांनी विचारलं नव्हतं. त्या माझ्या जयूच्या खाटेपाशी तिचा तापाचा कागद भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असं का? मग तुम्हाला जरा जास्त वेळ लागेल."

मला वाटलं, त्या जयूच्या बरं होण्याबद्दल बोलताहेत.

परवा उज्जैनहून सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं पत्र आलं. अहल्या सिस्टर निवृत्त झाल्या, दवाखान्यात छोटासा समारंभ झाला, दोन भाषणं झाली आणि दोन्हींत त्यांचं आडनाव चुकलं, असं अक्कांनी लिहिलं आहे. म्हणून हे लिहायला बसले. निदान आडनाव तरी बरोबर लिहीन. अहल्या मुजुमदार. त्या स्वतः म्हणायच्या, "नाव राणीचं, आडनाव दरबारचं आणि हातात बेडपॅन."

गोष्ट गेल्या वर्षीची, एकोणीसशे छप्पनच्या आषाढातली. आम्ही तेव्हा उज्जैनला होतो. हे शिक्षण खात्यात. जयू नऊ वर्षांची. मी कशी आई आहे ते आधी सांगायला हवं. जयू शिंकली की मी काढा चढवते आणि दुसऱ्यांदा शिंकली की डॉक्टरांकडे निघते. हे म्हणतात, सुमनकडे काळज्या इस्त्री करून ठेवलेल्या असतात, कधीही घालून बाहेर पडता येतं. अशा या जागरूक आईची मुलगी महिनाभर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, रात्री चारचारदा उठत होती, तिचे फ्रॉक अंगात लोंबायला लागले होते. आणि आई म्हणत होती, उन्हाळा फार झाला यंदा, शिवाय उंची वाढतेय. एक दिवस जयूला उलट्या सुरू झाल्या. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला. हाक मारली तर डोळे उघडेनात. तेव्हा टांगा करून सरकारी दवाखान्यात नेली.

मधुमेह, डॉक्टर म्हणाले. लहान मुलांनाही होतो. ती वाचली, पण आता रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन. किती दिवस, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवस नका मोजू.

त्याच आठवड्यात यांची बदलीची ऑर्डर आली. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपून मध्यप्रदेश होणार होता आणि यांचं खातं भोपाळला जाणार होतं. अक्का उज्जैन सोडणार नव्हत्या. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, नव्या गावी राजधानी बसतेय, तिथे कोण कोणाला ओळखणार? सगळं आईच्या हाती आलं आहे असं अहल्या सिस्टर म्हणाल्या, तर मुलीला न्या. नाही तर वर्षभर तिला इथेच आजीजवळ ठेवा, सिस्टर घरी जाऊन टोचतील.

म्हणजे माझी मुलगी माझ्याजवळ राहणार की नाही, हे ठरवणार होत्या एक नर्सबाई. मी मनात म्हटलं, हात्तिच्या. मी परीक्षा देत देतच मोठी झाले आहे.

अहल्या सिस्टर तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. किरकोळ बांधा, पांढरं पातळ, खांद्याला सेफ्टी पिन, आणि बरोबर एक बुटकं लाकडी स्टूल. रोग्याशी बोलायचं तर त्या स्टुलावर बसून, खाटेपेक्षा खाली. उभ्याने बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दवाखान्याची पाटी आधी ग्वाल्हेर संस्थानाची होती, मग मध्यभारताची झाली, आणि मी गेले तेव्हा नव्या राज्यासाठी पुन्हा रंगवायला उतरवली होती. स्टूल मात्र संस्थानातलंच होतं. त्या देवासच्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. सासरी दिरांच्या मुलांना न्हाऊमाखू घालण्यात आयुष्य जाणार हे दिसलं, तेव्हा भावाला पत्र लिहून इंदूरला नर्सिंग शिकायला निघून गेल्या. सासरच्यांनी नाव टाकलं. दहा वर्षांनी त्याच सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्यांनी दवाखान्यात आल्या आल्या विचारलं, आमची अहल्या कुठे आहे. हे सिस्टरनी मला फार गमतीनं सांगितलं होतं.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. डॉक्टर औषध लिहून देत, पण घरी गेल्यावर काय करायचं ते शिकवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आधी त्या विचारत. घरात कोण कोण आहे, चूल कोण पेटवतं, पाणी कुठून येतं, आधी कोण जेवतं. मग थोडंसं सांगत. मग म्हणत, "आता मला शिकवा." आणि आपण रोगी होऊन बसत. शिकवता आलं नाही तर "उद्या परत." आलं, तर त्या कधी शाबास म्हणत नसत. स्टूल उचलायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. तेवढीच पास झाल्याची खूण.

ही रीत कुठून आली तेही त्यांनीच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला शिप्रेच्या राम घाटावरचे एक पंडाजी पायाची जखम घेऊन आले होते. सिस्टरनी पट्टी बांधली आणि उभ्या उभ्या सांगितलं, महिनाभर पायाला पाणी लागू द्यायचं नाही. पंडाजींनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी आले ते दोन बोटं काळी पडलेली. ते रोज पहाटेपासून दुपारपर्यंत यजमानांना संकल्प सांगत घोटाभर पाण्यात उभे होते. सिस्टर चिडल्या. पंडाजी शांतपणे म्हणाले, "मैंने पानी कहाँ लगाया? मैं तो शिप्राजी में था." बोटं कापावी लागली.

"खोटं नव्हते बोलत," सिस्टर म्हणाल्या. "मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. पण हा माणूस दिवसभर कुठे उभा असतो, हे मी विचारलंच नाही."

मी म्हटलं, अडाणी माणसांचं असंच असतं.

माझी पाळी आली. मी शंभर पानी वही घेऊन गेले होते, समास पाडून. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि विचारायला लागल्या. सकाळी जेवण किती वाजता? मी म्हटलं, सव्वानऊ, यांचं ऑफिस असतं. रोज? रोज. मग त्या म्हणाल्या, "आणि सणावारी? सोवळं, नैवेद्य, उपास?"

आता आमच्याकडे काय नव्हतं? सगळं होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या तर अशा थाटाच्या की आरती होईपर्यंत घरात कुणी पाण्याशिवाय काही घेत नाही, आणि आरती गुरुजी येतील तेव्हा. पण एका नर्सबाईपुढे हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "आमच्याकडे तसलं काही नाही हो. आम्ही सुशिक्षित माणसं."

बाहेर व्हरांड्यात अक्का, दवाखान्याचं पाणी नको म्हणून घरून आणलेला तांब्या पदराखाली झाकून बसल्या होत्या. सिस्टरनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.

मग धडे सुरू झाले. इन्सुलिनची बाटली थंड राहायला छोट्या मडक्यात, ओल्या वाळूत ठेवायची. काचेची पिचकारी आणि सुई उकळून घ्यायची. टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाही तर अंगातली साखर एकदम उतरते, घाम आणि थरथर सुरू होते; तेव्हा लगेच तोंडात साखर घालायची. लघवी तपासायची: नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं तर ठीक, पिवळं झालं तर जपून, विटकरी झालं तर साखर फार. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून गेले.

सिस्टर म्हणाल्या, "मी बडनगरहून आलेय. माझ्या पोरीला हाच आजार आहे. मला काही येत नाही. शिकवा."

मी सुरुवात केली, की इन्सुलिन हा स्वादुपिंडात तयार होणारा एक स्राव असून...

"बाईजी," सिस्टर बडनगरच्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "ये स्वादुपिंड कौनसे बाजार में मिलेगा?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. जयूही हसली. उद्या परत.

टोचण्याचा धडा तर विचारूच नका. आधी लिंबांवर सराव. घरातल्या लिंबांत मी इतकं पाणी टोचलं की आठवडाभर आमच्या सरबताला आंबटपणा म्हणून नव्हता. मग सिस्टरनी डावी बाही वर केली, पिचकारीत निर्जंतुक पाणी भरायला लावलं आणि म्हणाल्या, मला टोचा. त्या दंडावर आधीच बारीक ठिपके होते. माझ्यासारख्या किती आयांनी तो हात शिकायला वापरला होता, देव जाणे. मी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि टोचलं. उशीला.

"उशीची तब्येत चांगली आहे," सिस्टर म्हणाल्या. "उद्या परत."

तिसऱ्या आठवड्यात माझा हात स्थिर झाला. पण स्टूल काही उचललं गेलं नाही. आणखी एक गोष्ट मला खटकायची. सिस्टर रोज जयूशी पडद्याआड वेगळं बोलत. मी विचारलं तर जयू म्हणायची, आमचं गुपित आहे. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं मी यांना म्हटलंही. मनातून मात्र मला हेवा वाटत होता. तिची शिकवणी चालू होती आणि मी बाहेर.

जयू घरी आली. सकाळी पावणेनऊला मी टोचायची, सव्वानऊला ती बाबांबरोबर जेवायची. अक्कांनी मडकं देवघराच्या थंड कोपऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि नळीचा कार्यक्रम अंगणात असला तरी लांबून मान उंच करून म्हणायच्या, "आज हिरवं आहे गं." मला ते दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ काही लावला नाही. माझ्या डोक्यात अक्का म्हणजे सोवळं, हे पक्कं होतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी मी गुरुजींना निरोप पाठवला होता, कृपा करून नऊ वाजता या. ते हो म्हणाले. मी वहीत पाहिलं, पावणेनऊला टोचलं आणि जयूला रेशमी परकर-पोलकं नेसवून पुरणाच्या मागे लागले. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. गुरुजी राम घाटावर कुठल्याशा मोठ्या यजमानांत अडकले होते. मी स्वतःला म्हणत होते, येतीलच एवढ्यात. कोनाड्यात साखरेचा डबा होता. हात लांब केला तर पुरला असता. पण अक्का तिथेच पाटावर पंचामृत कालवत बसल्या होत्या, सवाष्ण म्हणून आलेल्या वासंतीकाकू समोर होत्या, आणि बी.ए. झालेल्या बाईची नैवेद्याआधी मुलीच्या तोंडात चिमूटभर साखर घालायची छाती होत नव्हती. आमच्याकडे तसलं काही नाही, असं जिने सांगितलं होतं, तीच ही बाई.

पावणेदहाला जयू महालक्ष्म्यांसमोर उभी होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले. हात कापायला लागले. नजर कुठेतरी लागली. वासंतीकाकू दोन पावलं मागे सरकल्या आणि हात जोडून हळूच म्हणाल्या, "अंगात आलंय पोरीच्या."

मी काय केलं? मी वही आणायला धावले. थरथर कुठल्या पानावर होती ते मला आठवेना. वही घेऊन परत आले तर जयू परकराच्या कमरेपाशी काही चाचपत होती. नंतर कळलं, रोजच्या फ्रॉकच्या खिशात तिची खडीसाखर असायची, आणि परकराला खिसा नव्हता. मग ती वाकली आणि पंचामृताच्या वाटीला हात घातला.

मी तिचं मनगट धरलं. हे लिहिताना लाज वाटते, पण धरलं. म्हटलं, "जयू, नैवेद्य व्हायचाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते. "सिस्टर म्हणाल्यात, असं झालं की कुणाला विचारायचं नाही. आईलासुद्धा नाही."

माझा हात सुटला. की अक्कांनी सोडवला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जयूने अख्खी वाटी घटाघटा संपवली. अक्कांनी साखरेचा डबा काढून तिच्या तोंडात आणखी दोन चमचे घातले, तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि पदराने तिचा घाम पुसला. दहा मिनिटांत मुलीच्या डोळ्यांत ओळख आली. मग अक्कांनी तिला वरणभात भरवला. महालक्ष्म्या समोर बघत उभ्या होत्या. वासंतीकाकूही.

जयूचं जेवण झाल्यावर अक्का हात धुऊन दुसरं पंचामृत कालवायला बसल्या. मी रडत म्हटलं, मला वाटलं तुम्हाला चालणार नाही.

"तू विचारलंस का?" अक्का म्हणाल्या.

अक्कांनी वाटीत मध ओतला.

"श्रीकांतला लहानपणी भुकेनं चक्कर यायची. महालक्ष्म्यांच्या दिवशी त्याला मी सकाळीच दहीभात द्यायची, माझ्या सासूबाईंच्या देखत. इतक्या वर्षांत देवी रागावली नाही. एवढी शिकलीस, एक वाक्य विचारायचं होतंस."

श्रीकांत म्हणजे आमचे हे. चौदा वर्षांच्या संसारात मला त्यांच्या चकरेचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. वही नेली नाही. सिस्टरना सगळं सांगितलं, मनगट धरल्याचंसुद्धा. आता जयू उज्जैनलाच राहणार हे मी धरून चालले होते आणि ते योग्यच आहे असंही वाटत होतं. सिस्टर ऐकत राहिल्या. मी विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळलं?

"तुम्ही व्हरांड्याकडे पाठ करून बसला होतात," त्या म्हणाल्या. "मी तोंड करून. आजींच्या पदराखालचा तांब्या मला दिसत होता." मग म्हणाल्या, "पण चूक माझीही आहे. तांब्या पाहिला आणि पुढे गेले. आजींना जाऊन विचारायला हवं होतं. पंडाजींच्या दोन बोटांनीही पुरतं शिकवलं नाही मला."

मी म्हटलं, मग आता?

"आता काय, उद्या परत."

मी रोज जात राहिले. नवरात्रात एका सकाळी सिस्टरनी मला एका खाटेपाशी नेलं. भैरवगढची दुर्गा नावाची बाई नवऱ्याजवळ बसली होती. नवरा कापड छापणारा. साखर वाढलेली, टाचेला जखम. सिस्टर म्हणाल्या, "ही बाई खरीच नवीन आहे. मी नाटक करत नाहीये. हिला शिकवा." आणि स्टूल मला देऊन स्वतः उभ्या राहिल्या.

स्वादुपिंड जिभेवर आलं होतं, ते गिळलं. दुर्गाला विचारलं, घरात कोण कोण आहे. चूल केव्हा पेटते. हा आधी जेवतो की काम आधी. ती आधी लाजली, मग बोलत सुटली. मी विचारलं, आणि ये दिनभर खड़े कहाँ रहते हैं?

"नदी में," दुर्गा म्हणाली. "छपाई के बाद कपड़ा धोना पड़ता है ना."

मी मागे वळून पाहिलं. सिस्टर तिथे नव्हत्या. त्या तीन खाटा पलीकडे कुणाची तरी नाडी बघत होत्या. स्टूल माझ्याखाली असल्यामुळे त्यांना ते उचलता आलं नव्हतं, एवढंच. मी पुढे बोलत राहिले. कापड दुसरं कोण धुऊ शकेल, हे आम्हाला ठरवायचं होतं. दुर्गाने स्वतःच सांगितलं, माझा भाऊ धुईल, हा घरात बसून ठसे मारेल.

एक नोव्हेंबरला भोपाळला जाणाऱ्या गाडीत आम्ही तिघं होतो, आणि माझ्या मांडीवर ओल्या वाळूचं मडकं. तिकीट तपासनीस विचारत होता, यात काय आहे. मी बी.ए. असल्याचं त्याला सांगितलं नाही.

यंदाच्या महालक्ष्म्यांना अक्का भोपाळला आल्या होत्या. सव्वानऊ वाजता, महालक्ष्म्यांसमोर, पहिलं पान जयूचं वाढलं. परकराला मी खिसा शिवला होता. एक नाही, दोन. मी आई कशी आहे ते वर सांगितलंच आहे. जयू आता स्वतःच टोचून घेते. मी जवळ उभी असते आणि बघते, म्हणजे डोळे मिटून बघते. त्या दिवशी टोचून झाल्यावर ती पाटावर बसून म्हणाली, "आई, मी भैरवगढहून आलेय. आज आमच्याकडे सण आहे. मला शिकव."

मी विचारलं, "तुमच्याकडे आज जेवण किती वाजता आहे? आणि हे कुणाला विचारून सांगताय?"

तिने पाट उचलला आणि अक्कांच्या शेजारी जाऊन बसली.